गाविलगड फितुरीनं पडला का? आणि शिरसोलीच्या शेतातला लोखंडी गोळा

भाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत. दोन्ही 1803 च्या युद्धातले: इंग्रजांनी शिरसोली-अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांना हरवलं, आणि मग चिखलदऱ्याजवळचा भोसल्यांचा गाविलगड घेतला. अंजनगावकडची म्हातारी माणसं सांगतात, “फितुरीनं गेला गड, नाही तं कोन्याच्या बापाले भेटत नव्हता”, हे खरं का? आणि तुमच्या साळ्याच्या शिरसोलीच्या वावरात नांगरताना जो लोखंडी गोळा निघाला, तो 1803 च्या लढाईतला असेल का? गोळ्याचं शेवटी पाहू. तो ओळखायला आधी कोणत्या तोफा कुठे होत्या हे कळावं लागतं.

फितुरीचं उत्तर तुम्हाला चिखलदऱ्यातच मिळेल. गावातून गडाकडे जाताना धाप लागत नाही. एवढा मोठा गिरिदुर्ग आणि चढ जवळजवळ नाहीच! सातपुड्याच्या ज्या पठारावर चिखलदरा वसलं आहे, ते उत्तरेकडून थेट गडाच्या तोंडाशी येतं. दक्षिणेला, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाकडे, उभा कडा. मैदानातला माणूस पिढ्यान् पिढ्या तो कडा बघत आला, त्यामुळे गड अजिंक्य ही समजूत पक्की झाली. उत्तरेकडून मात्र गडाची जमीन आणि शत्रूची जमीन एकाच पातळीवर. बहमनी सुलतानांपासून ज्यांनी ज्यांनी गड बांधला, वाढवला, त्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर तटांचे थर उत्तरेलाच आहेत: दक्षिणेला तोंड करून आतला किल्ला, त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढे उत्तरेची वाट अडवणारा तिसरा तट.

वाटाही तीन. दक्षिण दरवाज्याची वाट लांब आणि इतकी उभी, की फक्त माणूस चढेल. वायव्य दरवाज्याची वाट शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या फौजेच्या, रोजच्या ये-जा करण्याची, पण ती गडाच्या पश्चिम अंगानं तटाखालून जाते. लांबपर्यंत वरच्या माऱ्यात, अरुंद, आणि दोन्ही बाजूंना तासलेला खडक. तिथे मोर्चे, म्हणजे तोफांसाठीचे आडोसे, बांधत पुढे सरकणं शक्यच नाही. उरली उत्तरेची वाट. ती सपाट, पण तिथपर्यंत पोचायला अचलपुराहून डोंगरातून सुमारे 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर फिरून जावं लागे. गडाची खरी तटबंदी ती 30 मैलांची वाट होती, आणि ती कोणी लढवली नाही. गड गेला तो इथे. दरवाजा ही नंतरची गोष्ट.

आता तारखा लावून पाहा. इंग्रजांचे सेनापती आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा 5 डिसेंबर 1803 ला अचलपुरात होत्या. अडगावच्या लढाईतल्या जखमींसाठी इस्पितळ त्यांनी तिथेच मांडलं. 7 तारखेला दोघे निघाले. वेलस्ली दक्षिणेकडून, स्टीव्हन्सन धामणगाव गढीच्या बाजूनं डोंगरात शिरून उत्तरेला. 12 तारखेला स्टीव्हन्सन उत्तर तटासमोर पोचला. इंग्रजी अहवालात तिथल्या वस्तीचं नाव ‘लाबाडा’ असं येतं. 48 किलोमीटरला पाच-सहा दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम 8 ते 10 किलोमीटर. आपल्याकडची भरली बैलगाडी सपाटीवर याच्या दुप्पट सहज जाते.

इतका वेळ का लागला? 18 पौंडी, म्हणजे 18 पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या, लोखंडी तोफेचं नुसतं नळकांडं सुमारे 2 टनांचं. 12 पौंडी लोखंडी तोफही दीड टनाच्या घरात. वर तोफगाडा, वर गोळे. 18 पौंडी गोळा 8.2 किलोचा, म्हणजे 100 गोळ्यांचं लोखंडच 8 क्विंटलच्या वर. तट फोडताना तोफेच्या प्रत्येक बारासाठी गोळ्याच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी दारू लागते, ती वेगळी. बैल सरळ वाटेवर हे ओढतात. घाटात वळण आलं की लांबलचक जोडणीतल्या पुढच्या जोड्या वळणापलीकडे जातात, दोर दरडीला घासतो आणि त्यांची ओढ वाया जाते. जोर येतो तो शेवटच्या दोन-तीन जोड्यांवर, आणि तेच बैल मोडतात. उतारावर त्याहून वाईट, कारण बैल गाडी ओढू शकतो, रोखू शकत नाही. म्हणून बैल सोडून माणसं दोराला लावावी लागतात, आणि उतारावर मागचा दोर झाडाच्या बुंध्याला वेढा घालून हातानं हळूहळू सैल सोडावा लागतो. स्टीव्हन्सनच्या फौजेनं जवळजवळ सगळी वाट हेच केलं: रस्ता स्वतः करायचा आणि त्यावरून तोफा हातानं ओढायच्या.

अशा वेळी ही फौज किती उघडी पडते याचा विचार करा. तोफा दरीच्या काठाला, माणसांचे हात दोरात, आणि लांबलेल्या रांगेमुळे पुढच्याला मागचं दिसत नाही. जंगल माहीत असलेले 300-400 बंदूकवाले दरडीवर बसले असते, तर बैल मारूनच त्यांनी ही वाट बंद केली असती. बैल मेला की तोफ तिथेच. पण या दिवसांत त्या वाटेवर मोठा हल्ला झाल्याचं इंग्रजी अहवालांत दिसत नाही. भोसल्यांकडे माणसं कमी नव्हती, ती चुकीच्या प्रकारची होती. हाताशी होतं ते बहुतेक घोडदळ, आणि घाटातल्या जंगलात घोडदळ म्हणजे नुसता चाऱ्याचा खर्च. जे पायदळ होतं ते गडात जाऊन बसलं.

माझं मत विचाराल तर फितुरीच्या गोष्टीपेक्षा ही चूक जास्त झोंबणारी आहे. फितुराला शिव्या देऊन मोकळं होता येतं, पण मोकळ्या सोडलेल्या घाटाला शिव्या कोणाच्या नावानं द्यायच्या?

12 च्या रात्री उत्तरेला दोन मोर्चे उभे राहिले. एकात दोन 18 पौंडी आणि तीन 12 पौंडी, सगळ्या लोखंडी. काम एकच, तट फोडणं. दुसऱ्यात दोन पितळी 12 पौंडी आणि साडेपाच इंची दोन हॉविट्झर. ही विभागणी उगीच नव्हती. पितळी, खरं तर कांशाची, तोफ हलकी पडते, पण सतत मारा केला की तापून मऊ होते, तोंड लवतं आणि नेम जातो. लोखंडी तोफ जड, पण दिवसभर मारा सोसते. म्हणून भिंत फोडायला लोखंडी, आणि भिंतीवरची माणसं उठवायला पितळी. हॉविट्झर पोकळ, दारू भरलेला गोळा उंच कमानीनं तटापलीकडे टाकतो, त्यामुळे पाडलेली भिंत रात्रीतून चिणायला येणाऱ्यांना आडोसा उरत नाही.

खिंडार पाडण्याची रीतही बऱ्याच जणांना उलटी वाटते. नवखा गोलंदाज तटाच्या माथ्यावर मारतो. चऱ्या उडतात, धूळ उडते, सगळे खूश होतात, आणि खाली दोन पुरुष भिंत तशीच शाबूत राहते. जाणता गोलंदाज खालच्या तिसऱ्या भागात आडवी रेघ कापत जातो, मग तिच्या दोन्ही टोकांना उभे काप देतो. मधला भाग आपल्याच वजनानं कोसळतो आणि त्याच्या दगडमातीचाच उतार तयार होतो. त्या उतारावरून शिपाई हात न टेकता चढू शकला, की खिंडार चढाईजोगं झालं. 13 ला सकाळी मारा सुरू झाला आणि 14 च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या किल्ल्याच्या आणि तिसऱ्या तटाच्या भिंतीत अशी खिंडारं पडली. म्हणजे दोन दिवस. आतल्यांनी खिंडारामागे आडभिंत घालायची असते, रात्री उतार उकरून टाकायचा असतो. दोन दिवसांत, हॉविट्झरच्या माऱ्याखाली, ते फार होत नाही.

वेलस्लीनं दक्षिण दरवाज्याखालीही डोंगरावर 12 पौंडी चार तोफांचा मोर्चा लावला होता, दोन लोखंडी आणि दोन पितळी. त्याचा खरा उपयोग शिबंदी विभागून ठेवण्याचा.

15 डिसेंबरला सकाळी 10 च्या सुमारास एल्गार झाला. उत्तरेच्या खिंडारावर लेफ्टनंट कर्नल केनी, दक्षिण दरवाज्यावर वॉलेस, वायव्य दरवाज्यावर चाल्मर्स. केनी या हल्ल्यात कामी आला, पण त्याची माणसं खिंडारातून बाहेरच्या किल्ल्यात शिरली. आणि आता दरवाज्यांकडे नीट लक्ष द्या, कारण गावातली गोष्ट बहुधा इथूनच निघाली असावी.

बाहेरच्या किल्ल्यातले लोक पळाले ते वायव्य दरवाज्याकडे, कारण रोजची वाट तीच. त्यांनी दरवाजा आतून उघडला. आणि नेमका त्याच क्षणी चाल्मर्स बाहेरून तिथे पोचला होता. त्याला काहीही फोडावं लागलं नाही. पळणारे दोन्हीकडून कोंडले गेले, आणि सगळ्यात मोठी कत्तल अशा दरवाज्यांतच झाली. गडाचा बचाव ज्याच्या हाती होता तो बेनीसिंग आणि त्याचे रजपूत असेच दरवाज्यापाशी पडले. प्रेतांच्या ढिगातून त्याला ओळखून काढावं लागलं.

दुसरा दरवाजा आतल्या किल्ल्याचा. तिथल्या भिंतीला एकही खिंडार नव्हतं. इंग्रजांनी दोन्ही किल्ल्यांमधल्या दरवाज्यावर आधी धडका दिल्या, त्या वाया गेल्या. मग शिडी पुरेल अशी एक जागा सापडली. कॅप्टन कॅम्पबेल 94 व्या पलटणीच्या हलक्या कंपनीला घेऊन शिड्यांवरून तट चढला, आत उतरला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला.

म्हणजे त्या दिवशी दोन दरवाजे खरोखर आतून उघडले. एक पळणाऱ्यांनी, एक शत्रूनं. लांबून पाहणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की दरवाजा फुटला नाही, उघडला. त्यातून फितूर तयार व्हायला पन्नास वर्षंही लागत नाहीत. इंग्रजांना पैसे देऊन किल्ला घेण्यात लाज नव्हती, आणि तसं झालं असतं तर आपली दीडशेच्या आसपास माणसं मारून-जायबंदी करून घेतली नसती. बेनीसिंगाच्या नावावर फितुरी चिकटवणारी एक गोष्टही ऐकायला मिळते. ती तर सरळ अन्याय आहे.

गड पाहायला जाल तेव्हा शार्दूल दरवाज्यावरची शिल्पं पाहून परत फिरू नका. बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्यांमधला उतार पाहा, आतल्या तटाची उंची जागोजागी कशी बदलते ते पाहा. शिडी कुठे पुरेल आणि कुठे नाही, हे उभ्या उभ्या कळतं. पावसाळ्यात धुकं असतं, काही दिसत नाही. डिसेंबरातच जा. गवत वाळलेलं असतं आणि महिनाही लढाईचाच पडतो.

आता अडगाव. इंग्रजी कागदांत ‘अरगाम’ शोधा, ‘ड’चा त्यांनी ‘र’ केला. 29 नोव्हेंबर 1803. शिंद्यांशी 23 तारखेच्या सुमारास युद्धतहकुबी झाली होती. अट अशी, की शिंद्यांच्या फौजेनं अचलपुराच्या पूर्वेला 20 कोस निघून जावं. ती गेली नाही, भोसल्यांजवळच राहिली. वेलस्लीला तेवढं कारण पुरलं. शिंद्यांचं कवायती पायदळ 23 सप्टेंबरला असईच्या लढाईत मोडलं होतं, त्यामुळे अडगावला त्यांचं उरलं होतं ते घोडदळ. पायदळ आणि तोफा भोसल्यांच्या, नागपूरचे राजे रघूजी यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली. मराठ्यांची फळी 5 मैलांहून लांब होती. उजवीकडे शिंद्यांचे स्वार आणि त्यांच्याही पलीकडे पेंढारी, मध्ये पायदळ आणि तोफा, डावीकडे वऱ्हाडचे स्वार. पाठीमागे अडगाव, त्याच्या बागा आणि कुंपणं.

वेलस्लीची माणसं उन्हात लांबचं चालून आली होती. लढाईला तोंड लागलं तेव्हा दुपार टळून गेली होती. शिरसोलीजवळून त्याच्या रांगेचं तोंड मोकळ्यावर आलं, तशी भोसल्यांच्या तोफांनी सुरुवात केली. नेम आधीच बसवलेला असावा, कारण असईला न डगमगलेल्या तीन देशी पलटणी इथे पहिल्याच माऱ्यात फुटून मागे पळाल्या. वेलस्लीला स्वतः घोडा घालून त्यांना आडोशाला जमवावं लागलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच नंतर लिहून ठेवलं.

ती वेळ, पलटणी पळाल्यापासून फळी पुन्हा उभी राहीपर्यंतची, ही अडगावची सगळी लढाई. दोन्ही बाजूंना हजारो स्वार असताना त्या अवकाशात एकही मोठी धाव झाली नाही. तोफांनी शत्रू मोडला आणि मोडलेल्या शत्रूवर कोणी पडलं नाही. कारण दोन धनी, दोन फौजा, एक हुकूम नाही. तोफा भोसल्यांच्या, उजवीकडचे स्वार शिंद्यांचे, आणि त्यांचा वकील इंग्रजांच्या छावणीत बसलेला! वेलस्लीनं तेवढ्यात जमवलेल्या पलटणींना जमिनीवर पडून राहायला लावलं, बाकीची फळी येऊ दिली, आणि मग सगळे एकदम निघाले, उजवी बाजू थोडी पुढे काढून. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की हत्तीवर बसून फौज चालवत होता. पुढे इराणी असावेत असं वाटणाऱ्या एका मोठ्या जमावानं 74 आणि 78 या गोऱ्या पलटणींवर हातघाईची चाल केली आणि तो तिथेच कापला गेला. शिंद्यांचे स्वार डावीकडच्या एका देशी पलटणीवर आले, पण उशिरा. फळी मोडली. 38 तोफा आणि सगळा दारूगोळा मागे राहिला. पाठलाग चांदण्यात चालला. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी धरून साडेतीनशेच्या आसपास.

17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. मात्र गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा 4 लाखांचा मुलूख भोसल्यांकडे राहिला, आणि त्यात अकोटबरोबर अडगाव परगणाही होता. जिथे हरले ते रान त्यांच्याकडेच राहिलं. ते गेलं ते नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, 1817-18 च्या धामधुमीत.

घाट लढवता आला असता का, ही शंका मनात असेल तर 1818 कडे पाहा. पदच्युत अप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात गोंड जमीनदारांच्या आसऱ्याला गेले. तिथे ना तोफखाना होता ना कवायती पलटणी. तरी जुलैत मुलताई-बैतुलकडे कॅप्टन स्पार्क्सची सुमारे शंभर शिपायांची तुकडी त्यांच्या लोकांनी जवळपास पुरती कापली, आणि त्या डोंगरांत इंग्रजांना महिनोन् महिने फौजा फिरवाव्या लागल्या. रांग तीच, सातपुड्याची.

आता गोळा. वजनकाटा आणि दोरा घ्या. दोरा गोळ्याच्या पोटाभोवती फिरवून मोजा. घेर 28 सेंटिमीटर आणि वजन 2.7 किलोच्या जवळपास असेल तर 6 पौंडी. मैदानी लढाईत हाच सर्रास. घेर 35 आणि वजन साडेपाच किलो असेल तर 12 पौंडी, तोही अडगावला शक्य. घेर 40 आणि वजन 8 किलोच्या वर असेल, तर तो 18 पौंडी, म्हणजे वेढ्याच्या तोफेचा. तसा गोळा शिरसोलीच्या वावरात मुळात का पडला असेल याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. अशा वेळी तो कुठून तरी आणलेला समजावा. गंजामुळे वजन शे-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे होतं, ते सोडून द्या.

इंग्रजी गोळा ओतीव असतो. साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ कधी कधी बोटाला लागते. हातोड्यानं ठोकून गोल केलेला असेल, पृष्ठभाग चपट्या चपट्या पैलूंचा वाटत असेल, तर तो देशी बनावटीचा, म्हणजे भोसल्यांच्या तोफेचा असण्याची शक्यता जास्त. पण कवायती तोफखाने ओतीव गोळेही वापरत, म्हणून नुसत्या रेघेवरून गोळा इंग्रजांचा ठरवू नका. आणि अगदी गुळगुळीत, चकचकीत, गंज न धरलेला असेल तर तो कारखान्यातल्या दळण्याच्या गिरणीचा आहे. असे गोळे भंगारातून सगळीकडे पोचलेत.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. घेर 43-44 सेंटिमीटर, म्हणजे व्यास 14 च्या आसपास, असेल आणि वजन 10 किलोपेक्षा बरंच कमी भरत असेल, तर गोळा पोकळ आहे. त्याला अंगठ्याएवढं भोक किंवा मातीनं बुजलेला खळगाही सापडेल. तो हॉविट्झरचा. न फुटलेल्या गोळ्यात दारू असू शकते, आणि ती दोनशे वर्षांनीही कोरडी निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. त्याला घासू नका, तापवू नका, भोक उकरू नका, वेल्डिंगच्या दुकानात तर अजिबात नेऊ नका. सावलीत ठेवा, पोरांना लांब करा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

भरीव असेल तर भीती नाही, पण घासून काळा रंगही देऊ नका. कोरड्या ब्रशनं माती काढा, एवढंच. जमिनीत सापडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आणि अर्जाआधी हे लिहून ठेवा: गट नंबर, बांधापासूनचं अंतर, किती खोलीवर निघाला, आणि नांगराच्या त्याच तासात आणखी काही लोखंड, शिसं किंवा बंदुकीची गोळी होती का. शिशाची लहान गोळी दिसायला पांढुरकी मातकट असते, सगळे तिला खडा समजून फेकतात. त्या वावरात अशा पाच-सहा गोळ्या एका रेघेत निघाल्या, तर फळी कुठे उभी होती ते कळेल. एकटा मोठा गोळा तेवढं सांगत नाही, तो टप्पे खात शे-दोनशे पावलं सहज पुढे जातो.